केरेयंगळची वेणूअक्का

साठच्या दशकाच्या सुरुवातीला, जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी, बंगळूरच्या दक्षिणेकडील एका तळ्याच्या बांधावर वेणू सौंदत्तीकर या शाळाशिक्षिकेला एका सरकारी इंजिनियरने प्रश्न विचारला : समोर दिसतात ते हंस आहेत का? उत्तर 'हो' असते, तर ते तळे बुजवून तिथे घरे बांधण्याचा प्रस्ताव अडणार होता. तळे वाचावे म्हणून वेणूबाई दोन हिवाळे भांडत होत्या. त्यांनी 'हो' म्हणायला नकार दिला.

आभाळ भरलेले होते. भुरभुर पाऊस होता. पलीकडचा काठ असून नसल्यासारखा होता. बांधावर जे मोजके लोक त्या वेळी हजर होते त्यांतला मी एक. तिथे काय झाले हे नंतर बऱ्याच जणांनी बऱ्याच तऱ्हांनी सांगितले. मी पाहिले ते, आणि ज्यांच्याकडून ऐकले त्यांच्या हवाल्याने ऐकले ते, असे दोन्ही इथे देत आहे.

तळे आज ज्याला जे. पी. नगर म्हणतात त्या बाजूचे. त्या वेळी हे नाव नव्हते. शहर बरेच अलीकडे संपत असे आणि पुढे नाचणीची शेते, चिंचेची झाडे आणि एक कच्चा रस्ता होता. वेणूबाई राहत बसवनगुडीच्या एका वठारात. वठार म्हणजे मधे मोकळी जागा आणि तिन्ही बाजूंना दोन-दोन खोल्यांची बिऱ्हाडे. त्यांच्या दोन खोल्यांत त्या, धाकटा भाऊ बापू आणि भावजय असे तिघे होते. बापू एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होता. माझे बिऱ्हाड समोरच्या बाजूला. मी एका इंग्रजी दैनिकात वार्ताहर होतो आणि रविवार ही माझी सुट्टी होती, एवढेच माझे यातले निमित्त.

त्यांना सगळे वठार 'वेणूअक्का' म्हणे. त्या मूळच्या सौंदत्तीच्या बाजूच्या. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि रागावल्यावर दोन्ही. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत. उंच, हाडकुळ्या, चालताना पुढे झुकलेल्या. हिवाळ्यातल्या रविवारी त्या लुगड्यावर बापूचा जुना लोकरी कोट चढवत, पायांत कॅनव्हासचे बूट, डोक्याला माकडटोपी, आणि गळ्यात दुर्बीण. दुर्बीण छावणीच्या जुन्या बाजारातून आणलेली, लष्करातून बाद झालेली होती. तिच्या डाव्या नळीत बुरशी धरली होती, त्यामुळे अक्का डावा डोळा मिटून उजव्यानेच बघत. वठारातली पोरे त्याची नक्कल करत. अक्कांना ते माहीत होते. "डोळा चुकीचा मिटलास," असे त्यांनी एकाला सांगितलेले मी ऐकले आहे.

पक्षी बघायला त्या एकट्या जात नसत. शाळेतल्या दोन-चार मुली, शेजारचे कोणी, कधी कोणाचे पाहुणे, असा घोळका असे. नियम एकच होता. पक्ष्याचे नाव आधी घ्यायचे नाही.

"अक्का, खंड्या!" एखादी मुलगी ओरडे.

"नाव नंतर. काय दिसलं?"

"निळं दिसलं."

"निळं तर माझं लुगडंही आहे. मी खंड्या आहे?"

मग ती मुलगी पुन्हा बघे. चोच, छातीचा रंग, बसायची ढब. एवढे सांगून झाल्यावर अक्का म्हणत, "आता म्हण खंड्या." कोणी अंदाजाने बोलला तर त्या म्हणत, "अंदाज घरी ठेवून यायचा. डब्यात फक्त पोळी-भाजी आणायची."

हा नियम सगळ्यांना मानवला असे नाही. कॉलेजातून निवृत्त झालेले एक प्राध्यापक काही रविवार आले. त्यांनी एकदा उडत्या पक्ष्याला पाठमोरे पाहून ससाण्याचे नाव घेतले. अक्कांनी चारचौघांत विचारले, "शेपूट कशी होती, सर?" प्राध्यापक म्हणाले, "मी तीस वर्षं पक्षी बघतोय." अक्का म्हणाल्या, "मी शेपटीचं विचारलं, वर्षांचं नाही." प्राध्यापक पुढच्या रविवारी आले नाहीत, आणि त्यानंतरही कधी आले नाहीत. अक्कांनी त्यांची चौकशी केल्याचे मला आठवत नाही.

वठाराचे मालक रंगण्णा यांच्याशी झालेला तंटा मी स्वतः पाहिला. मोकळ्या जागेत एक मोठा करंज होता. त्यावर कावळ्यांची घरटी. खाली वाळत घातलेल्या कपड्यांवर घाण पडे, बायकांच्या तक्रारी होत्या, आणि रंगण्णांनी झाड पाडायला माणसे बोलावली होती. ती यायच्या दिवशी सकाळी अक्कांनी करंजाला बांधलेली कपड्यांची दोरी सोडली आणि समोर नेऊन बांधली. तिचे एक टोक रंगण्णांच्या ओसरीच्या खांबाला होते. त्यावर त्यांनी वठारातल्या बायकांची लुगडी एकामागून एक वाळत घातली.

रंगण्णा बाहेर आले. "अक्का, हे काय? माझ्या दारात लुगडी?"

"झाड हलत नाही, रंगण्णा. दोरी हलते."

"अहो, पण माझ्याच दारात का?"

"इथं कावळे नाहीत की!"

माणसे कुऱ्हाडी घेऊन आली आणि लुगड्यांच्या अलीकडे उभी राहिली. रंगण्णांना घरातून बाहेर यायचे तर वाकून यावे लागत होते. दुपारपर्यंत त्यांनी मागच्या भिंतीजवळ दोन खांब रोवून द्यायचे कबूल केले. झाड राहिले.

अक्कांनी लग्न केले नव्हते. याबद्दल त्यांना सरळ विचारणारे थोडे. भावजयीने एकदा विचारले, ते तिने माझ्या पत्नीला सांगितले. अक्का म्हणाल्या, "तिघं बघायला आले होते. तिघांनी नाव, गोत्र, उंची विचारली. मी दिवसभर काय करते, हे एकानंही विचारलं नाही. मग मीही त्यांना काही विचारलं नाही."

तळ्याचा प्रश्न निघाला तो घरातूनच. बापूच्या कारखान्यात महाराष्ट्रातून आलेले बरेच इंजिनियर होते. भाड्याच्या खोल्यांना कंटाळलेल्या या मंडळींनी घरबांधणीसाठी एक सोसायटी काढली. चिटणीस होते टिपणीस म्हणून एक गृहस्थ. पुण्याचे, नीटनेटके, कामाला वाघ. बंगळुरात येऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते, आणि कन्नड शिकायची गरज त्यांना वाटली नव्हती. त्यांनी जागा शोधली. तीच ही तळ्याची जागा. बापूचे नाव सभासदांत होते आणि त्याच्या वाट्याला कोपऱ्यावरचा प्लॉट येणार होता. बापूची बायको त्या घराच्या खिडक्यांना पडदे कोणते लावायचे, इथवर पोचली होती.

जागा सभासदांना समजावून सांगण्यासाठी सभा झाली. अक्का बापूबरोबर गेल्या होत्या. टिपणीसांनी नकाशा भिंतीवर लावला आणि म्हणाले, "कोणाला शंका नको म्हणून सांगतो. मी स्वतः त्या गावच्या शानभोगांना भेटलो. शानभोग म्हणजे आपल्याकडचे कुलकर्णी. त्यांनी स्पष्ट सांगितलं, या जागेला गावात 'केर-अंगण' म्हणतात. म्हणजे केर टाकायचं अंगण. पडीक जागा आहे. आपण उलट तिचं सोनं करणार आहोत."

टाळ्या पडल्या. अक्का उभ्या राहिल्या.

"टिपणीस, शानभोग काय म्हणाले? पुन्हा सांगा."

"केर-अंगण."

"केरेयंगळ म्हणाले असतील."

"तेच ते."

"तेच कसं? केरे म्हणजे तळं. अंगळ म्हणजे अंगण. केरेयंगळ म्हणजे तळ्याचा तळ, पाणी जिथं पसरतं ती जागा. तुम्ही त्यांना विचारलंत ही जागा काय आहे. ते म्हणाले, तळं आहे. तुम्ही ऐकलंत, उकिरडा आहे."

सभेत हशा पिकला. त्यात सौंदत्ती-निपाणीकडच्या, कन्नड जाणणाऱ्या सभासदांचा आवाज मोठा होता. टिपणीस हसले नाहीत. ते म्हणाले, "सौंदत्तीकरबाई, शब्द काही असो. मी मे महिन्यात पाहिलंय. टिपूस नव्हता पाण्याचा. गुरं चरत होती."

"मे महिन्यात आमची शाळाही रिकामी असते. तीही वाटून घेणार?"

"म्हणजे तुमचं म्हणणं काय, इतक्या लोकांनी भाड्याच्या खोल्यांतच मरावं?"

"माझंही नाव त्या खोल्यांत आहे, टिपणीस. कोरडी जागा शोधा. मी पहिली वीट उचलते."

ठराव मंजूर झाला. विरोधात हात एकच होता, आणि तो मोजला गेला नाही, कारण अक्का सभासद नव्हत्या. सभासद बापू होता. त्याचा हात ठरावाच्या बाजूने होता.

त्या रात्री दोन खोल्यांतले बोलणे वठारात ऐकू गेले. बापू म्हणत होता, "तुझ्या बदकांना प्लॉट आणि मला भाड्याची खोली. असंच ना, अक्का?" अक्कांचा आवाज आला, "बदकं तिथं आधीपासून आहेत. पावती नाही त्यांच्याकडे, एवढंच."

सरकारी परवानगी अजून यायची होती. तरी उन्हाळ्यात टिपणीसांनी तळ्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागात प्लॉटांचे कोपरे दाखवणारे दगड रोवून घेतले. परवानगीचे काम पाटबंधाऱ्याच्या एका इंजिनियरकडे होते. नाव नंजुंडय्या. म्हैसूरकडचे, मध्यम वयाचे, हळू बोलणारे. अक्का शाळा सुटल्यावर त्यांच्या कचेरीत जाऊन बसू लागल्या. नंजुंडय्या त्यांना कॉफी देत आणि सांगत की कागदोपत्री हे तळे 'निकामी' आहे, शेतीला पाणी देत नाही, त्यामुळे त्यांना फारसे काही करता येणार नाही. अक्का कॉफी पीत आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जात.

शेवटी नंजुंडय्यांनीच वाट काढली. हे त्यांनी मला पुढे स्वतः सांगितले. अक्कांनी बोलता बोलता उल्लेख केला होता की आदल्या हिवाळ्यात, स्वच्छ उन्हात, त्यांनी त्या तळ्यावर हिमालयापलीकडून येणारे हंस पाहिले आहेत. राखी अंग, पांढरे डोके, डोक्यामागे दोन काळे पट्टे. नंजुंडय्या म्हणाले, "मेडम, वरच्या लोकांना बदक म्हणजे बदक. त्याच्यासाठी फाइल थांबत नाही. पण हंस म्हटलं की गोष्ट वेगळी. हंसाच्या तळ्यावर माती टाका, अशी सही आपल्या देशात कोण करील? फक्त मी ते पाहिले पाहिजेत. आणि सोसायटीचे दोन लोक सोबत हवेत. उद्या कोणी म्हणायला नको की मास्तरीणबाईंनी मला फसवलं."

अक्का म्हणाल्या, "सरी, ठीक. जानेवारीत या."

असा तो रविवार ठरला. सोसायटीतर्फे टिपणीस आणि बापू आले. टिपणीसांच्या पायांत चामड्याचे पॉलिश केलेले बूट होते. नंजुंडय्या सरकारी जीपमधून आले. मला अक्कांनी सांगितले होते, "या. छापायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा." तळ्याची मोरी उघडणारा, पाण्याची पाळी सांभाळणारा गावचा नीरगंटी मुनियप्पा डोक्यावरून कांबळे घेऊन आधीच बांधावर बसला होता. कन्नड आणि इंग्रजीतले बोलणे मी इथे मराठीतच देतो.

तळे भरलेले होते. पूर्वेकडे रोवलेले दगड पाण्याखाली गेले होते, दोन-तीन टोके तेवढी वर होती आणि त्यांतल्या एकावर एक बगळा उभा होता. बाकी सगळे करडे होते. पाणी, आभाळ, पलीकडची झाडे यांच्या कडा एकमेकांत गेल्या होत्या. काही बदके जवळून पोहत गेली. अक्कांनी त्यांच्यावरून दुर्बीण पुढे नेली. त्यांना बदके नको होती.

बराच वेळ गेला. टिपणीसांनी दोनदा घड्याळ पाहिले. "बाई, हंस मानससरोवरातच थांबलेले दिसतात," ते म्हणाले.

"थांबा स्वल्प," अक्का म्हणाल्या. त्या वेळी त्यांचा स्वर नेहमीसारखा नव्हता, असे बापू नंतर म्हणाला. मला फरक जाणवला नाही.

मग मुनियप्पा उठला. त्याने पलीकडच्या काठाकडे बोट केले. "अम्मा, बंदिदे! आलेत! हंस!"

पलीकडे, पाणी आणि चिखल यांच्या सीमेवर, मोठे पक्षी होते. काही उभे, काही बसलेले. बदकापेक्षा मोठे, हे नुसत्या डोळ्यांनाही कळत होते. राखी वाटत होते. अर्थात त्या सकाळी सगळेच राखी होते.

नंजुंडय्यांनी डोळे बारीक केले. मग स्वतःच्या दुर्बिणीतून पाहिले. "मोठे आहेत," ते म्हणाले. "मान लांब वाटते. मेडम, हेच का?"

अक्का डावा डोळा मिटून बघत होत्या. पाऊस थोडा वाढला होता. त्यांनी पदराने काच पुसली आणि पुन्हा पाहिले.

"मेडम?"

या ठिकाणी बापू बोलला. तो सोसायटीच्या बाजूने आला होता. त्याचा कोपऱ्यावरचा प्लॉट समोर पाण्याखाली होता. तो म्हणाला, "हंसच आहेत. साहेब, मी सोसायटीचा सभासद आहे. मी सांगतो, हंस आहेत. लिहा तुम्ही."

टिपणीस त्याच्याकडे बघत राहिले. "सौंदत्तीकर, तुम्ही कुणाच्या बाजूनं आलाय?"

"मी दिसतंय ते सांगतोय."

अक्कांनी दुर्बीण खाली केली. "बापू, डोकं दिसलं?"

"एवढ्या लांबून कसं दिसेल?"

"पट्टे?"

"अक्का, एवढं मोठं दुसरं काय असणार इथं?"

"काय असणार, ते मलाही कळतं. काय आहे, ते दिसलेलं नाही." मग त्या नंजुंडय्यांकडे वळल्या. "हंस आहेत असं मी म्हणणार नाही."

नंजुंडय्या हळू आवाजात म्हणाले, "मेडम, मी लिहायला तयार आहे. सोसायटीचा माणूस साक्ष द्यायला तयार आहे. गेल्या वर्षी तुम्ही पाहिलेत, मुनियप्पा म्हणतोय आलेत. तुम्ही फक्त मान हलवा."

"गेल्या वर्षी पाहिले ते गेल्या वर्षी. आज दिसले नाहीत."

मुनियप्पाला हे बोलणे समजत होते. तो खिन्न होऊन म्हणाला, "अम्मा, तुमच्यासाठीच तर बोललो मी."

"म्हणूनच तर," अक्का म्हणाल्या.

टिपणीसांनी रुमालाने चष्मा पुसला. "म्हणजे झालं तर. बाईंनीच सांगितलं, हंस नाहीत. साहेब, निघायचं?"

"कुठं निघालात?" अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज आता चढला होता. "हंस दिसले नाहीत, असं लिहा साहेब. ठळक लिहा. पण आपण दुसरंही काही बघतोय की नाही सकाळपासून? टिपणीस, समोर काय दिसतंय?"

"बाई, आता पुरे."

"नाव घेऊ नका. नुसतं वर्णन करा. तुम्हाला नावं नीट ऐकू येत नाहीत. काय दिसतंय?"

अक्कांनी विचारले, "बापू, आपला प्लॉट कुठला रे?"

बापूने नाइलाजाने बोट दाखवले. बगळा बसलेल्या दगडाच्या थोडे अलीकडे.

अक्कांनी दुर्बीण काढून माझ्या हातात दिली. मग त्या बूट, कोट, टोपी यांसकट बांधावरून उतरल्या आणि पाण्यात चालू लागल्या. नंजुंडय्या "मेडम, मेडम" म्हणत राहिले. बगळा उडाला. पाणी घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत, मग गुडघ्यावर आले. बापूने दाखवले होते तिथे पोचून त्या वळल्या आणि उभ्या राहिल्या.

"टिपणीस," त्या तिथून ओरडल्या, "ही आमची बैठकीची खोली. या, बसा. तुमची खोली पलीकडे असेल, चिटणीसांची म्हणजे मोठी असेल, तिकडं पाणी जास्त आहे. बघून घ्या की!"

मुनियप्पा आधी हसला. मग नंजुंडय्यांचा जीपवाला. नंजुंडय्यांनी तोंडावर हात धरला. टिपणीस बांधाच्या कडेपर्यंत गेले, त्यांनी पाण्याकडे पाहिले, आपल्या बुटांकडे पाहिले, आणि ते परत आले.

ओरडण्यामुळे की पाण्याच्या आवाजामुळे, पलीकडचे मोठे पक्षी उडाले. ते उंच न जाता झाडांच्या मागे गेले आणि पावसात दिसेनासे झाले. त्यांनी आवाज केला नाही. अक्का पाण्यात उभ्या राहून तिकडे बघत होत्या. दुर्बीण माझ्या हातात होती आणि मी ती वेळेवर डोळ्यांना लावली नाही. ते पक्षी कोणते होते, हे कोणालाही सांगता आलेले नाही.

परतताना बापू त्यांच्या शेजारून चालत होता. तो म्हणाला, "मी घराची आशा सोडून तुझ्या बाजूनं बोललो. आणि तू मलाच खोटं पाडलंस."

"तू खोटं बोलला नाहीस. तुला दिसलं नव्हतं, एवढंच."

"तळं गेलं तर?"

"गेलं तर खरं सांगून गेलं."

काही पावले गेल्यावर बापू म्हणाला, "कोट माझा आहे, अक्का. भिजवलास सगळा."

"तुझ्याच प्लॉटवर भिजला."

बापू हसला. त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला.

मी लिहिलेली बातमी छापून आली नाही. वृत्तसंपादकांचे म्हणणे पडले की हंस दिसले नाहीत ही बातमी होत नाही. नंजुंडय्यांचे टिपण मी वाचलेले नाही. त्यांनी मला सांगितले ते असे : पक्षी ओळखता आले नाहीत, असे त्यांनी लिहिले. प्लॉटांचे दगड पाण्याखाली आहेत, हे लिहिले. आणि त्यांतल्या एका जागी उंच बांध्याच्या प्रौढ स्त्रीच्या गुडघ्यावर पाणी होते व हे सोसायटीच्या चिटणीसांच्या समक्ष पाहिले, हे लिहिले. शेवटच्या वाक्यामुळे आपल्याला वरून विचारणा झाली, असेही ते म्हणाले. पाण्याखालच्या भागाला परवानगी मिळाली नाही. रस्त्यालगतच्या उंच पट्टीला मिळाली. नंजुंडय्यांची त्यानंतर शिमोग्याला बदली झाली. या दोन गोष्टींचा संबंध होता की नाही, हे मला कळू शकले नाही.

टिपणीसांनी पट्टीवर घर बांधले आणि त्याच्या गच्चीवरून तळे दिसते असे ते पाहुण्यांना सांगत. बापूने सोसायटीतून नाव काढून घेतले. त्याने काही वर्षांनी मारतहळ्ळीच्या बाजूला, जिथे तेव्हा शेतांशिवाय काही नव्हते, घर बांधले. अक्का त्याच्याबरोबर गेल्या नाहीत. तिथून शाळा लांब पडते, असे कारण त्यांनी दिले. भावजय म्हणाली की तळे लांब पडते, हे खरे कारण. अक्कांनी ते नाकारले नाही.

परवानगी मिळाली नाही म्हणून माती यायची थांबली असे नव्हे. पट्टीवरची घरे वाढली, पाये खणले गेले, आणि निघालेली माती कुठेतरी जायला हवी होती. लॉऱ्या दुपारच्या वेळी, कोणी नसताना, बांधावर येत आणि रिकाम्या होऊन जात. पूर्वेचा काठ दरवर्षी थोडा आत सरकत होता. अक्कांनी पत्रे लिहिली, कचेऱ्यांत जाऊन बसल्या. नंजुंडय्यांच्या जागी आलेल्या माणसाने कॉफी दिली नाही.

दशक संपता संपता माझी दिल्लीला बदली झाली. जाण्याआधीच्या शेवटच्या रविवारी मी तळ्यावर गेलो. हवा तशीच होती, ढगाळ, थंड. अक्का शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्याबरोबर त्या दिवशी कोणी नव्हते. मी लांबून त्यांना ओळखले ते चालण्यावरून. हाक मारण्याआधीच रस्त्याकडून मातीने भरलेली एक लॉरी बांधावर चढली. अक्का वाटेच्या मध्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. मग डोके बाहेर काढले. "दारी बिडी, अम्मा! वाट सोडा!"

"कुठं जायचंय?" अक्कांनी कन्नडमध्ये विचारले.

"पुढं. माती टाकायचीय."

"पुढं पाणी आहे."

"म्हणूनच तर टाकायचीय!"

"मग आधी मला टाक."

ड्रायव्हर खाली उतरला. तरुण होता. त्याने त्यांना वयाचा मान देऊन समजावले, मग मालकाचे नाव सांगितले, मग आवाज चढवला. पोलिसांना बोलावतो म्हणाला. अक्का म्हणाल्या, "बोलाव. मी इथंच आहे." दोन्ही हात कोटाच्या खिशांत घालून त्या उभ्या होत्या. लॉरी आणि त्या यांच्यात हातभर अंतर होते. बांध अरुंद होता आणि बाजूने जायला जागा नव्हती.

ड्रायव्हर परत चढला. त्याने इंजिन सुरू केले आणि लॉरी पुढे घेतली. अंतर वीतभर राहिले. अक्का हलल्या नाहीत. लॉरी थांबली.

मग ती मागे घेतली गेली. बांधावरून मागे घेताना ड्रायव्हरला दोनदा थांबून चाके सरळ करावी लागली. खाली उतरल्यावर तिने वळण घेतले आणि ती कच्च्या रस्त्याने शहराच्या दिशेने गेली. माती लॉरीतच होती.